पिवळा नॉर्मल मॅप आणि बुडालेले १,१८६ डॉलर

१,१८६ डॉलर ५६ सेंट. आकडा आता पाठ झालाय. आमच्या गेमसाठी ऑनलाइन भेटलेल्या एका ३डी कलाकाराकडून ३२ प्रॉप्स (कंदील, पेटी अशा वस्तूंची ३डी मॉडेल) घ्यायचे ठरले, नगाला ४५ डॉलर, एकूण १,४४०. त्यातले निम्मे, ७२०, आगाऊ. पहिले १५ नग हातात आल्यावर ३० टक्के, म्हणजे ४३२. या दोन्हींवर ३ टक्के व्यवहार शुल्क, ३४.५६. शेवटचे २८८ वाचले, पण ते आमच्या हुशारीमुळे नाही. ते द्यायच्या आधीच कॉपीराइटची नोटीस येऊन धडकली म्हणून.

प्रकार जुनाच आहे. कुठल्यातरी गेममधून मॉडेल आणि टेक्स्चर (मॉडेलवर चढवलेली चित्रं) उपसायचे, फाइलींची नावं बदलायची आणि 'खास तुमच्यासाठी बनवलं' म्हणून विकायचं. असं चालतं हे आम्हाला माहीत होतं, म्हणूनच लाज जास्त वाटते. काम मोघम सांगितलं होतं असंही नाही. नगाला जास्तीत जास्त ३,००० त्रिकोण (मॉडेलचा पृष्ठभाग त्यांचाच बनतो), मीटरला १,०२४ पिक्सेल टेक्सेल डेन्सिटी (टेक्स्चरची दाटी), २के टेक्स्चर (बाजूला २,०४८ पिक्सेल), बेस कलर (मूळ रंग), नॉर्मल (उंचसखलपणाचा भास देणारा मॅप) आणि एक पॅक केलेला मॅप (लाल चॅनलमध्ये ऑक्लूजन म्हणजे खाचांतली सावली, हिरव्यात रफनेस म्हणजे खरखरीतपणा, निळ्यात मेटॅलिक म्हणजे धातूपणा), सगळं लेखी दिलं होतं.

त्याने २केच्या जागी ४के पाठवलं. वर म्हणाला, 'बोनस'. फुकटचं मिळालं की माणूस तपासत नाही.

आता तो क्षण. कंदिलाचा नॉर्मल मॅप उघडला तर तो निळा-जांभळा नव्हता, मळकट पिवळा होता. निळा चॅनल पूर्ण काळा. विचारलं, तर उत्तर आलं, 'ऑप्टिमाइज्ड आहे, निळा चॅनल इंजिन स्वतः मोजून काढतं.' आणि चीड याचीच येते की हे वाक्य खरं आहे! बीसी५ कॉम्प्रेशनमध्ये (गेममध्ये नॉर्मल मॅप लहान करून साठवायची पद्धत) लाल आणि हिरवा हे दोनच चॅनल साठवतात, तिसरा त्यावरून शेडरमध्ये (चित्र काढताना चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) काढला जातो. पण हे कॉम्प्रेशन गेम इंजिन करतं, इम्पोर्ट झाल्यावर. बेक करून (बारीक मॉडेलचा तपशील मॅपमध्ये उतरवून) पीएनजी देणाऱ्या माणसाकडे पिवळा मॅप असण्याचं कारणच नाही. पिवळा मॅप म्हणजे कुणाच्या तरी बांधून झालेल्या गेममधून परत बाहेर काढलेला माल. एवढं कळत असूनही 'बरं, निळे पाठव' म्हणालो. दोन तासांत १५ निळे मॅप आले. १५ नग दोन तासांत पुन्हा बेक करून, तपासून कोण देतं? त्याने फक्त निळा चॅनल भरला होता. आणि आम्ही ४३२ डॉलर पाठवले.

आमची बाजूही सांगतो. समोरचा बीसी५ आणि टँजंट स्पेससारख्या तांत्रिक बाबींवर बिनचूक बोलत होता, अडाणी भामटा नव्हता. डेडलाइन मानेवर होती. आणि इंजिनमध्ये टाकल्यावर सगळं सुंदर दिसत होतं. दिसणारच, ते मुळात दुसऱ्या कुणीतरी मन लावून केलेलं काम होतं.

नोटिशीनंतर तपासलं तेव्हा २० मिनिटांत सगळं बाहेर आलं. ब्लेंडर या ३डी सॉफ्टवेअरमध्ये कंदिलावर 'मर्ज बाय डिस्टन्स' (एकाच जागचे बिंदू जोडणारी आज्ञा) चालवलं. २,३१६ व्हर्टेक्सचे (कोपऱ्याच्या बिंदूंचे) १,४०४ झाले, ९१२ गळाले. इंजिनमध्ये यूव्हीच्या (मॉडेल उलगडून त्यावर टेक्स्चर बसवायचा नकाशा) शिवणीवर आणि तीक्ष्ण कडांवर व्हर्टेक्स फुटतात. साध्या घनाला ८ कोपरे, पण जीपीयूकडे (ग्राफिक्स चिपकडे) जाताना २४ व्हर्टेक्स होतात. माणसाने बनवलेल्या मूळ फाइलीत हे आकडे असे फुगलेले नसतात. (चौकोनांऐवजी नुसते त्रिकोण दिसले म्हणून मात्र कुणाला चोर म्हणू नका. बेकच्या आधी त्रिकोण पक्के करून टाकणारे कितीतरी प्रामाणिक लोक आहेत.)

टेक्स्चर तर बोलतच होतं. रंगांसाठीचं बीसी१ कॉम्प्रेशन ४×४ पिक्सेलच्या चौकटीत चालतं, प्रत्येक चौकटीत जेमतेम चार रंग. कंदिलाच्या बेस कलरवर कॉन्ट्रास्ट ताणला तर १६×१६ च्या चौकटी दिसल्या. म्हणजे मूळ १,०२४ चा मॅप चौपट ओढून ४,०९६ केलेला. हाच तो बोनस. त्याच शीटच्या कोपऱ्यात चामड्याचा पट्टा आणि बकल रंगवलेलं होतं. कंदिलाला पट्टा नाही. मॉडेलची यूव्ही टेक्स्चरवर ठेवून पाहिली असती तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं, हा पट्टा कुणाचा? चेकर मॅप (टेक्सेल डेन्सिटी मोजायचं चौकटींचं चित्र) लावला तर कंदील मीटरला १,०२४ वर आणि शेजारची पेटी ३८० वर. दोन वेगळ्या गेमांतून आलेली भावंडं.

हाय पॉली (ज्यावरून नॉर्मल मॅप बेक होतो ते बारीक मॉडेल) मागून घ्याच, पण नुसता मागून उपयोग नाही. आम्हालाही मिळाला होता, १,८०,००० त्रिकोणांचा. लो पॉलीवरच (गेममधल्या साध्या मॉडेलवरच) सबडिव्हिजन (बारीक तुकडे पाडून गुळगुळीत करणं) मारलेला साबण, सगळ्या कडा गोल. नॉर्मल मॅपमध्ये कंदिलाच्या कडेला ८ रिवेट आहेत, त्या हाय पॉलीत एकही नाही. मग ते मॅपमध्ये आले कुठून? स्वतः एकदा बेक करून दोन्ही मॅप शेजारी ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे.

त्याहून सोपं म्हणजे बदल सांगा. 'झाकण दोन सेंटिमीटर उंच कर, डावीकडचा ओरखडा काढ.' पेंटर या टेक्स्चर रंगवायच्या सॉफ्टवेअरची थर असलेली मूळ फाइल ज्याच्याकडे आहे तो थर बंद करतो आणि पुन्हा एक्स्पोर्ट करतो. चोराकडे सपाट चित्र असतं, मग 'सोर्स फाइलचे वेगळे पैसे' सुरू होतं. आमच्याकडे नगाला २० डॉलर जादा मागितले. तिथे तरी थांबायला हवं होतं.

आता मदत करणाऱ्यांचं. ज्या साइटवर तो भेटला, ती म्हणाली, पैसे साइटबाहेर दिलेत, आमचा संबंध नाही. पैसे पाठवणाऱ्या सेवेने सांगितलं, व्यवहार 'ओळखीच्या व्यक्तीला' या प्रकारात केलात, त्याला संरक्षण नाही. (तो प्रकार त्यानेच सुचवला होता, 'शुल्क वाचेल' म्हणून. शुल्क तरीही लागलंच. असं कुणी सुचवलं की तिथूनच उठा.) बँकेने विचारलं, माल मिळाला ना? मिळाला. मग वाद कसला? माल चोरीचा आहे म्हटलं तर म्हणे, तुमचा चोरलाय का? नाही. मग ज्याचा चोरलाय त्याला तक्रार करू द्या. आणि ज्याचा चोरलाय त्याने तक्रार केलीच होती की, आमच्याविरुद्ध! सायबर तक्रार घेणाऱ्याने ४० मिनिटं ऐकून 'मॉडेलिंगच्या आमिषाने फसवणूक' असं लिहिलं आणि विचारलं, फोटो काढले होते का? कंदिलाचं मॉडेल म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. नोटिशीमुळे आमच्या गेमचा डेमो काढून टाकणाऱ्या स्टोअरला चॅट, पावत्या, व्हर्टेक्सचे आकडे, सगळं पाठवलं. उत्तराला १९ दिवस लागले, आणि त्यात कॉपीराइट म्हणजे काय हे समजावून सांगणारा एक दुवा होता. डेमो आजही स्टोअरवरून काढलेलाच आहे.

एक राहिलं. अनोळखी माणसाची ब्लेंड फाइल उघडताना पायथन स्क्रिप्ट (फाइलीत दडलेला छोटा प्रोग्रॅम) आपोआप चालवण्याची सेटिंग बंदच ठेवा. ती मुळात बंद असते, पण रिग (मॉडेल हलवायचा सांगाडा) चालत नाही म्हणून कधीतरी चालू केलेली राहून जाते. आणि पहिली खेप दोन नगांची घ्या, पंधराची नाही. वायरफ्रेम (मॉडेलच्या कडांची जाळी) आणि यूव्ही दाखवल्याशिवाय दुसरा हप्ता नाही, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

तो दुसऱ्या नावाने पुन्हा उगवलाय. पोर्टफोलिओत पहिल्या जागी आमचाच कंदील, धुकं आणि केशरी उजेड घालून काढलेला रेंडर. वायरफ्रेम अजूनही नाही.