एआरटी चालू असताना आमवातासाठी कोणते जैविक औषध निवडावे?

आमवाताने सकाळी बोटे मिटत नाहीत, मेथोट्रेक्झेट, सल्फासलाझिन यांसारख्या गोळ्यांनी सूज ओसरत नाही आणि एचआयव्हीची एआरटीही (विषाणू दाबून ठेवणारी औषधे) चालू आहे, अशा निपाणी-खानापूर भागातील रुग्णाला 'जैविक औषधे (रोगप्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग रोखणारी इंजेक्शने) तुम्हाला चालणार नाहीत' असे सांगितले गेले असेल, तर ते सरसकट खरे नाही. एआरटी नियमित असून व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) आटोक्यात असेल आणि सीडी-४ या प्रतिकार करणाऱ्या पेशी २००च्या वर टिकून असतील, तर सांध्यांचे आणि एआरटीचे डॉक्टर मिळून ही औषधे देऊ शकतात.

खरी निवड बहुधा इटानरसेप्ट आणि अ‍ॅडालिमुमॅब यांत असते. दोन्ही टीएनएफ हे सूज वाढवणारे प्रथिन रोखतात, आणि शरीराने दडलेल्या टीबीच्या जंतूंभोवती घातलेला वेढा टीएनएफमुळेच टिकतो. म्हणून आपल्याकडे टीबीचा प्रश्न सर्वांत आधी येतो. इटानरसेप्टने टीबी उफाळण्याचा धोका अ‍ॅडालिमुमॅबपेक्षा कमी आढळला आहे. शिवाय त्याचे रक्तातील प्रमाण साधारण चार दिवसांत निम्मे होते, तर अ‍ॅडालिमुमॅबला सुमारे दोन आठवडे लागतात; संसर्ग झाल्यास औषध लवकर उतरणे फार मोलाचे ठरते. उलट, इटानरसेप्ट दर आठवड्याला घ्यावे लागते, अ‍ॅडालिमुमॅब दोन आठवड्यांनी, आणि डोळ्यांना वारंवार सूज येत असेल तर अ‍ॅडालिमुमॅबच सरस. माझ्या मते डोळ्यांची तक्रार नसलेल्याने इटानरसेप्टपासून सुरुवात करावी. दोन्ही २ ते ८ अंशांत जपावी लागतात, म्हणून वीज वारंवार जाणाऱ्या गावात साठा करण्यापेक्षा एकेक इंजेक्शन बर्फाच्या पेटीतून नेणे बरे.

रिटुक्सिमॅब या आणखी एका जैविक औषधात टीबीची भीती कमी. परंतु त्याचा परिणाम कित्येक महिने टिकतो, प्रतिपिंडे (संसर्गाशी लढणारी प्रथिने) घटू शकतात आणि हिपॅटायटिस बी उसळू शकतो. एआरटीतील टेनोफोव्हिर व लॅमिव्ह्युडिन त्या विषाणूलाही दाबतात, तेव्हा या काळात एआरटी परस्पर बदलू नये.

टोफासिटिनिब ही गोळी जैविक औषध नव्हे, तरी फ्रिज लागत नाही म्हणून ती सोयीची वाटते. तिच्याने नागीण होण्याचा धोका वाढतो. एआरटीतील डोल्युटेग्रॅव्हिरबरोबर ती सहसा जमते, मात्र दुसऱ्या टप्प्यातील (पहिली औषधे लागू पडेनाशी झाल्यावरच्या) एआरटीत रिटोनॅव्हिर असेल तर तिचे रक्तातील प्रमाण वाढते आणि मात्रा निम्मी करावी लागते. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झाल्यास तिचा परिणाम फारच घटतो.

सीमाभागात धोक्याची एक जागा आहे: एआरटी कर्नाटकातील केंद्रातून आणि सांध्यांचे उपचार कोल्हापूर-मिरजेला. लाजेपोटी एआरटीचे कार्ड दाखवले नाही, तर रिटोनॅव्हिर घेणाऱ्याच्या गुडघ्यात ट्रायम्सिनोलोन हे स्टेरॉइड टोचले जाऊ शकते, आणि ते शरीरात साचून मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींचे (शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या) काम थंडावते. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखणे बंधनकारक केले आहे. कार्ड, अलीकडचा व्हायरल लोड, छातीचा एक्स-रे आणि हिपॅटायटिस बीची तपासणी एकाच फाइलमध्ये ठेवून दोन्ही डॉक्टरांना ती दाखवावी.