म्काटे वा उफुटा घरी करायचा असेल तर साधा लोखंडी पॅन घ्या, नॉनस्टिक नको

झांझिबारला फिरून आलेले बरेच जण विचारतात की ती म्काटे वा उफुटा, म्हणजे नारळाच्या दुधातली तिळाची जाड रोटी घरी जमते का, म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. जमते, अगदी छान जमते, पण रेसिपीपेक्षा भांड्यावर जास्त अवलंबून आहे आणि ते कोणी सांगतच नाही.

मी टांझानियात दार-ए-सलामला राहते, करिआकू मार्केटमधून 25 हजार शिलिंगला हा पॅन घेतला. कुठल्या कंपनीचा नाही, नाव नाही, बॉक्स नाही, काळा लोखंडी, साधारण 8 इंचाचा, दोन बोटं उंचीचा काठ आणि लांब लोखंडी दांडा. बस. दिसायला काहीच नाही पण या एका कामासाठी याच्या तोडीचं दुसरं काही मिळालं नाही मला.

आता कारण सांगते. ही रोटी उलटत नाहीत, पॅनच उलटा करतात. खालची बाजू पॅनला चिकटून भाजली जाते आणि मग अख्खा पॅन पालथा करून वरची बाजू निखाऱ्यावर धरायची, इथे कोळशाच्या जिकोवर म्हणजे शेगडीवर करतात, आपण गॅसवर. आपल्याकडे तवा नान करतात ना पाणी लावून, तीच ट्रिक. म्हणजे चिकटलीच पाहिजे! नॉनस्टिक पॅन पालथा केला की रोटी सरळ बर्नरवर पडते, शिवाय ते कोटिंग थेट ज्वाळेवर धरायचं नसतंच. मॉलमधून घेतलेला एक महागडा पॅन घरात आहे, डोसे सुंदर होतात त्यावर, पण या कामाला शून्य.

बिडाचा तवा चालेल का असं पण विचारतात. रोटी त्याला चिकटते, तो प्रश्न नाही, पण वजन बघा, रोटीसकट एका हाताने पालथा धरून फिरवायचा असतो, मनगट भरून येतं, आणि आपल्या बहुतेक तव्यांना काठही नसतो. आणि हो, अजून एक महत्त्वाचं, या पॅनला तेल पाजत बसू नका. आपल्याला सवय असते लोखंड आणलं की तेल-कांदा फिरवून मुरवायचा, इथे नेमकं उलट, जितका मुरेल तितकी रोटी सुटायला लागते. मी यात दुसरा कुठलाच पदार्थ करत नाही. धुतला की लगेच पुसून गॅसवर कोरडा करते, दमट हवेत इथे एका रात्रीत गंज धरतो, तेवढी काळजी घ्यावीच लागते.

प्रमाण देते. अर्धा किलो मैदा, दोन चमचे इन्स्टंट यीस्ट, एक अंडं, चमचाभर मीठ, दोन चमचे साखर आणि साधारण 400 मिली नारळाचं घट्ट दूध, लागेल तसं वर थोडं कोमट पाणी. पीठ पोळीच्या कणकेसारखं अजिबात नाही, बरंच सैल, हाताला लोंबणारं. शेजारच्या झांझिबारी बीबी हे पसरट भांड्यात घेऊन हाताने फेटतात, खालून ओंजळीत उचलायचं आणि परत भांड्यात आपटायचं, असं दहा-पंधरा मिनिटं न थांबता, मग ते पीठ चकचकीत होतं आणि उचललं की तुटत नाही, ताणलं जातं. त्या म्हणतात की यीस्ट कितीही चांगलं असू दे, इथे हात थांबला तर जाळी पडणार नाही, आणि खरंच आहे. मिक्सरला कणकेचं अटॅचमेंट असेल तर त्यात होतं पण हाताचं जास्त हलकं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. मग झाकून तासभर, इथल्या उकाड्यात त्याच्याही आधी फुगतं.

पॅन चांगला तापला की मिठाच्या पाण्याचा हबका मारायचा, चर्र होऊन पाणी उडालं की लगेच ओल्या हाताने पिठाचा गोळा टाकायचा आणि बोटं पाण्यात बुडवत बुडवत काठापर्यंत सारखा करायचा. आच मध्यम. वर भोकं पडायला लागली आणि ओलेपणा गेला की नारळाच्या दुधाचा हात फिरवून भरपूर तीळ, दूध लावल्याशिवाय तीळ टाकलेत तर सगळे बर्नरमध्ये जातील. मग पॅन पालथा, ज्वाळेपासून चार बोटं वर धरून सावकाश फिरवायचा, तीळ सोनेरी होतात आणि काय वास सुटतो! नंतर पातळ उलथण्याने कडा सोडवून काढायची, वर तूप. एवढ्या पिठाच्या पाच-सहा होतात.

दुधाबद्दल. डब्यातलं चालतं, फक्त घट्ट घ्या, ड्रिंक म्हणून विकतात ते पातळ नको. पण ताज्या नारळाचं काढलंत तर चवीत जमीन-अस्मानाचा फरक. इथे म्बूझी म्हणून लाकडी बैठक मिळते, पुढे दाते असलेली लोखंडी जीभ, त्यावर बसून नारळ खवायचा, कोकणातल्या माणसाला शिकवावं लागणार नाही. पहिला दाट रस पिठात, दुसरा पातळ रस भाजीला ठेवा. तीळ पॉलिशचे नकोत, सालीसकट पांढरे घ्या. टांझानियाच्या दक्षिणेला लिंडी, म्टवारा भागात तीळ खूप पिकतो, त्यामुळे इथे बाजारात सुटे चांगले मिळतात.

झांझिबारला स्टोन टाउनच्या फोरोधानी बागेत संध्याकाळी मिशकाकीबरोबर, म्हणजे सळईवर भाजलेल्या मांसाच्या तुकड्यांबरोबर, खाल्ली असेल तर ती चव आठवेल, रमझानमध्ये तर इफ्तारला घरोघरी असते. शाकाहारी लोकांनी नारळाच्या दुधातल्या महारागे म्हणजे राजम्यासारख्या बीन्सबरोबर खाऊन बघा. आमच्याकडे काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर पण होते, रस असा मस्त शोषून घेते.

पॅनची एकच खरी तक्रार, दांडा भयंकर तापतो, लाकडी मूठ नाही, त्यामुळे जाड कापड दोन पदरी घेऊनच धरा आणि मुलांना लांब ठेवा. लाकडी मुठीचा मिळाला तरी मी घेणार नाही, पालथा धरल्यावर मूठ ज्वाळेजवळ येते आणि जळते.

इंडक्शनवाल्यांनी ओव्हनचा वरचा ग्रिल फुल तापवून पॅन सरळच आत ठेवावा, तीन-चार मिनिटांत वरून रंग येतो, फक्त कोळशाचा वास नाही मिळणार. पुण्या-मुंबईत शोधत असाल तर भांड्यांच्या जुन्या बाजारात कोटिंग नसलेला, काठवाला, हलका लोखंडी फ्राय पॅन मागा, आणि दांडा रिव्हेटचा आहे की नुसता स्क्रूने लावलाय ते हलवून बघा, स्क्रूवाला पालथा केला की ढिला होतो.