एकच बेट की तीन-चार बेटं? ठरवण्याआधी दोन्हीकडच्या चुका पाहून घ्या

उष्ण कटिबंधातल्या बेटावर सुट्टीला जायचं ठरलं की विमानाची तिकिटं आणि हॉटेल यांवर आठवडेच्या आठवडे खल होतो. एका बेटावर तळ ठोकायचा की बेटाबेटांवरून फिरायचं, हा प्रश्न मात्र कुणी विचारतच नाही. नकाशावर बेटं हातभर अंतरावर दिसतात, 'एवढं लांब जातोय तर सगळंच पाहू' असं कुणीतरी म्हणतं आणि बेत पक्का होतो. पुढच्या बऱ्याचशा चुकांचं मूळ इथेच असतं. दोन्ही पर्याय चांगले आहेत, पण दोन्हींतले खड्डे वेगवेगळ्या जागी आहेत. आठवड्याभराच्या सुट्टीसाठी माझा कौल एका बेटाला आहे, फार तर दोन. दहा-बारा दिवस हातात असतील तर चित्र बदलतं.

दिवसांचा हिशोब

सात रात्री आहेत असं धरू. पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस वजा केला की सहा दिवस उरतात. तीनदा बेट बदललं तर त्यातले तीन सामान बांधण्यात, धक्क्यावर ताटकळण्यात आणि दुपारशिवाय न मिळणाऱ्या खोलीची वाट पाहण्यात जातात. बोटीचा प्रवास दीड तासाचा असला तरी दिवस अख्खा मोडतो, हे पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही.

त्यात नकाशा फसवतो. हवाई बेटांचंच घ्या. एकमेकांच्या इतकी जवळ आहेत म्हणजे बोटी चालतच असणार, असं कुणालाही वाटेल. पण माउई आणि लानाई या दोन बेटांमधली छोटी फेरीबोट सोडली तर तिथे बेट बदलायचं म्हणजे विमानच. मालदीवमध्ये सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमानं, फक्त दिवसाउजेडी उडतात. आंतरराष्ट्रीय विमान संध्याकाळी उतरलं तर पहिली रात्र राजधानी मालेमध्येच काढावी लागते आणि दूरच्या रिसॉर्टची आधीच भरलेली रात्र वाया जाते. तिथल्या बहुतेक सार्वजनिक फेरीबोटी शुक्रवारी बंद असतात, हेही बेत ठरल्यावरच कळतं. गालापागोसमध्ये मुख्य बेटांमधल्या स्पीडबोटीला साधारण दोन तास लागतात आणि दर वेळी सामानाची जैवसुरक्षा तपासणी होते. एका बेटावरचं फळ किंवा बी दुसऱ्या बेटावर जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. नियम योग्यच आहे, पण तो वेळ तुमच्याच दिवसातून जातो.

बोट लागण्याचा त्रास असलेल्यांनी तर हा हिशोब दुप्पट कडक करावा. उलटीवरची गोळी बोट सुटायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते. समुद्र खवळल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकतच नाही.

हवामान: इथे दोघेही फसतात, पण वेगळ्या रीतीने

बेटाबेटांवर फिरणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे सगळ्या बेटांचा हंगाम एकच धरणं. थायलंडमध्ये फुकेत आणि क्राबीला मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. पलीकडच्या आखातातल्या को समुईवर सर्वात जोराचा पाऊस साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. म्हणजे नोव्हेंबरात एकीकडे आकाश मोकळं होत असतं आणि दुसरीकडे धो धो कोसळत असतो. दोन्ही एकाच सहलीत बसवायची असतील तर महिना फार जपून निवडावा लागतो.

वादळांचंही तसंच. कॅरिबियनमध्ये हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वात धोक्याचा. अरुबा, बोनेअर आणि कुरासाओ ही बेटं बरीच दक्षिणेला असल्यामुळे नेहमीच्या वादळमार्गाच्या बाहेर पडतात. मॉरिशसला चक्रीवादळांची भीती साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. विषुववृत्ताच्या अगदी जवळ चक्रीवादळं सहसा बनत नाहीत. वाऱ्यांना गरगर फिरवणारा पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम तिथे फारच क्षीण असतो. त्यामुळे ४-५ अंश दक्षिणेला असलेली सेशेल्सची मुख्य बेटं बहुतेक वेळा त्यातून सुटतात. सुट्टी वादळाच्या हंगामातच मिळत असेल तर 'स्वस्त आहे' म्हणून कुठलंही बेट धरण्यापेक्षा अक्षांश बघून धरावं.

एकाच बेटावर राहणाऱ्याची चूक निराळी: बेट बरोबर निवडतो आणि बाजू चुकवतो. डोंगराळ बेटावर वारा ज्या बाजूने येतो तिथे ढग अडतात आणि पाऊस पडतो, पलीकडची बाजू कोरडी राहते. हवाईच्या सर्वात मोठ्या बेटावर पूर्वेच्या हिलोला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, तर वायव्येच्या कोहाला किनाऱ्याच्या काही भागांत ३०० मिलिमीटरसुद्धा होत नाही. बेट तेच, मोटारीने दोनेक तासांचं अंतर. हिलो वाईट आहे असं नव्हे, धबधबे आणि हिरवाई तिकडेच आहे. पण वाळूवर लोळायला गेलेल्या माणसाने तिथे सात रात्री आरक्षित केल्या, तर दोष पावसाला देता येणार नाही.

भरती-ओहोटीचा विचार तर त्याहून कमी लोक करतात. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला पाणी शेकडो मीटर मागे हटतं आणि पोहायला तासन् तास थांबावं लागतं. उत्तर टोकाला नुंगवीजवळ हा त्रास बराच कमी आहे. हॉटेलच्या जाहिरातीतला फोटो हटकून भरतीचाच असतो. फिरत्या प्रवाशाची अशी चूक दोन दिवसांत निस्तरते, तळ ठोकणाऱ्याला ती आठवडाभर पुरते. म्हणून एकच बेट निवडणाऱ्याने बेटाच्या नावापेक्षा किनाऱ्यावर जास्त वेळ घालवावा: कुठली बाजू, कुठला महिना, ओहोटीला पाणी किती उरतं, पोहत जाता येईल इतक्या अंतरावर प्रवाळ आहे की त्यासाठीही रोज बोट घ्यावी लागणार.

डायव्हिंग असेल तर

इथे एक बेट सरळसरळ जिंकतं, पण पूर्ण सूट त्यालाही नाही. खोल पाण्यात दाबाखाली शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता निघण्याआधी उंचावर गेलं, तर कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकतं. डायव्हिंगच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा सल्ला असा: थांबे घेत वर येण्याची गरज नसलेली एकच डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान १२ तास, अशा अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांचं डायव्हिंग असेल तर किमान १८. थांबे घ्यावे लागणारी डाइव्ह असेल तर त्याहूनही बरेच जास्त. दर दोन दिवसांनी विमानाने बेट बदलणाऱ्याच्या वेळापत्रकात हे तास बसवून दाखवा! बसले तर डायव्हिंग तरी कमी होतं किंवा फिरणं तरी.

एका बेटावरच्यांची गफलत डोंगराची. माउईवर दिवसभर डायव्हिंग करून दुसऱ्या दिवशी पहाटे सूर्योदय बघायला हालेआकालाच्या माथ्यावर जाण्याचा बेत कागदावर सुरेख दिसतो. पण तो माथा ३,०५५ मीटरवर आहे, प्रवासी विमानाच्या केबिनमधल्या हवेपेक्षाही विरळ. डोंगर आधी, डायव्हिंग नंतर, आणि निघण्याआधीचा दिवस कोरडा. नळीने श्वास घेत पृष्ठभागावर तरंगण्याला, म्हणजे स्नॉर्कलिंगला, हे बंधन नाही.

दोघांनाही सारखंच छळणारं

ऊन. विषुववृत्ताजवळ दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर जाणं नेहमीचं, आणि पातळ ढगांनी त्यात फारसा फरक पडत नाही. पाण्यात तोंड घालून मासे बघत बसणाऱ्याची पाठ आणि गुडघ्यांच्या मागची कातडी पहिल्याच दिवशी भाजते. क्रीमवर क्रीम थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा सदरा, घालणं मला केव्हाही शहाणपणाचं वाटतं. शिवाय पलाउने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून ऑक्सिबेंझोन व ऑक्टिनॉक्सेट ही प्रवाळाला घातक मानली जाणारी रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली आहे. बेटागणिक नियम बदलतात, सदरा सगळीकडे चालतो.

भाड्याची स्कूटर म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आयुष्यात दुचाकी न चालवलेला माणूस इथे चप्पल घालून, वाळू पसरलेल्या वळणावर पहिला धडा घेतो. बऱ्याच प्रवास विम्यांत दुचाकीचा वैध परवाना नसेल तर भरपाई नाकारण्याचं कलम असतं. मोठं इस्पितळ दुसऱ्या बेटावर असेल तर रुग्णाला हलवण्याचा खर्चच डोळे पांढरे करतो. बेट जितकं लहान, तितकं विम्यातलं हे कलम आधी वाचा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबून भागत नाही.

फोटोत पाहिलेली जागा उघडी असेलच असंही नाही. थायलंडची माया बे ही खाडी २०१८ च्या जूनमध्ये बंद झाली ती २०२२ च्या जानेवारीत उघडली, तीही पोहण्यावर बंधनं घालूनच. फिलिपिन्सचं बोराकाय २०१८ मध्ये सहा महिने पर्यटकांसाठी पूर्ण बंद होतं. अशा एका जागेसाठी अख्खं बेट बेतात घालणाऱ्यांनी निघण्याआधी ताजी स्थिती बघावी.

मग कुणी काय घ्यावं

लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील, डायव्हिंग शिकायचं असेल किंवा एकूण सुट्टीच आठवड्याची असेल, तर एक बेट. मात्र ते पुरेसं मोठं आणि वस्तीचं असावं. अख्खं बेट म्हणजे एकच रिसॉर्ट असेल, तर चौथ्या दिवशी कंटाळा आला तरी जायला जागा नसते आणि प्रत्येक गोष्टीसाठी त्यांचाच शब्द शेवटचा. नवविवाहितांना हे चालतं म्हणतात. मला दोन दिवसांवर चाललं नसतं.

दहा-बारा दिवस असतील आणि बेटं खरोखर एकमेकांपासून वेगळी असतील, एक ज्वालामुखीचं आणि एक सपाट प्रवाळाचं, तर फिरणं सार्थकी लागतं. तसाच पांढरा किनारा आणि तेच निळं पाणी तीन बेटांवर बघण्यात मला अर्थ दिसत नाही. सामान मात्र कमी ठेवा. सीप्लेन आणि छोट्या विमानांत साधारण २० किलोच्या आसपास मर्यादा असते आणि ती काटेकोरपणे मोजली जाते.

दोन बेटं करायची असतील तर क्रम महत्त्वाचा: दूरचं आधी, विमानतळाचं शेवटी. निघण्याआधीची रात्र विमानतळ असलेल्याच बेटावर. सकाळची बोट आणि त्याच दुपारचं परतीचं विमान, ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. लाटा वाढल्या की तटरक्षक दल बोटी थांबवतं, आणि बोटीचं तिकीट वेगळं काढलेलं असेल तर चुकलेल्या विमानाची जबाबदारी विमान कंपनी घेत नाही.