कासवाचा 'फुल सेट' घेताय? आधी खोक्यावरचं स्टिकर खरवडून बघा

मावसभावाची पुण्याहून बंगळुरूला बदली झाली आणि त्याचं सुलकाटा जातीचं कासवाचं पिल्लू आमच्याकडे जुळे सोलापुरात राहायला आलं. ही जात मूळची आफ्रिकेतली, जमिनीवर राहणारी. केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवरची नोंदणी त्याने रीतसर माझ्या नावावर करून दिली, त्यामुळे प्राण्याच्या बाबतीत काही भानगड नव्हती. भानगड झाली ती त्याच्या घराची.

भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवली होती: यूव्हीबी (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) दिवा, तापमापक, कॅल्शियम, मोठा टब. तीच यादी मी शहरातल्या एका पेट शॉपमध्ये दाखवली. (नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.) मालक म्हणाला, "लिस्ट कशाला ओ मॅडम, फुल सेट आहे की आपल्याकडं. टाका पिल्लू आत अन् विसरा." काचेची टाकी, रंगीत खडे, 'इंपोर्टेड यूव्हीबी' दिवा, काटेवाला तापमापक, विजेवर गरम होणारा नकली दगड, कॅल्शियमचा ब्लॉक, खाण्याच्या गोळ्यांचा डबा. सगळे मिळून 7,800 रुपये. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी वरून पडंल" म्हणत चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. पैसे मी यूपीआयने दिले, ते पुढे कामाला आलं.

पिल्लू दिवसभर काचेला नाक लावून पायांनी खरवडत बसायचं. काच म्हणजे भिंत हे कासवाला कळत नाही, पलीकडचं दिसतं म्हणून ते तिकडे जायला धडपडत राहतं. खाणंही कमी झालं. भावाच्या पुण्याच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला, तर त्यांनी पिल्लू बघायच्या आधी दिव्याचं खोकं दाखवायला सांगितलं. खोक्यावरच्या 'यूव्हीए + यूव्हीबी' या स्टिकरची एक कड सुटलेली होती. नखाने ओढलं तर खाली छापलेलं: 'नाइट लॅम्प, एलईडी, 0.5 वॅट'. देवघरात लावतो तसला निळा झिरोचा बल्ब, 1,200 रुपयांना!

असल्या बल्बमधून यूव्हीबी किरण येतच नाहीत. ते मिळाले नाहीत तर कासवाच्या अंगात डी-3 जीवनसत्त्व तयार होत नाही, खाल्लेलं कॅल्शियम लागत नाही आणि पिल्लाची पाठ मऊ पडते, वेडीवाकडी वाढते. हे दिसायला वेळ लागतो, तोवर दुकानदार हात झटकून मोकळा.

मग एकेक वस्तू तपासायला घेतली. तापमापक 30 अंश दाखवत होता. फ्रीजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी रात्रभर ठेवला, सकाळीही 30. 'इंपोर्टेड कॅल्शियम ब्लॉक' 450 रुपयांचा. तो निघाला समुद्रफेस, मधला मारुतीजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतो तोच. (वस्तू चांगली आहे, भाव नव्हे.) गोळ्या पाण्यातल्या कासवांच्या, मासळीच्या भुकटीच्या. सुलकाटाला गवत लागतं. आणि तो गरम दगड! सोलापूरच्या एप्रिलमध्ये, 42 अंशांत, हीटर विकायलाही जिगर लागते. त्याला तापमानाचं नियंत्रण नाही, पोट भाजतं ते वेगळंच.

सगळ्यात मोठी थाप म्हणजे, "हे एवढंच राहतंय, टाकी जन्मभर पुरंल." सुलकाटा हे जगातल्या सर्वांत मोठ्या भूकासवांपैकी एक. पूर्ण वाढलेला नर 40-50 किलोंच्या घरात जातो, त्याला पुढे अंगण लागतं. त्याच माणसाने निघताना हळूच विचारलं होतं, "जोडीला चांदण्याचं देऊ का? लकी असतंय." चांदणी कासव, म्हणजे स्टार टॉरटॉइज, वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे. विकणं-घेणं सोडाच, घरात ठेवणंही गुन्हा, थेट तुरुंगाचं काम. कुणी असं विचारलं तर वन विभागाचा 1926 हा नंबर आहे.

आता पिल्लू मंगळवार बाजारातून आणलेल्या रुंद, अपारदर्शक टबात आहे. खाली माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एका कोपऱ्यात फुटका माठ आडवा टाकून आत ओलसर कोकोपीट. आपली हवा कोरडी, त्यात कूलर-पंखे, आणि कोरड्यात वाढलेल्या पिल्लाच्या पाठीवर उंचवटे येतात, म्हणून ही ओल लागतेच. उथळ मातीच्या ताटलीत पाणी. एका टोकाला ऊबेची जागा साधारण 35 अंश, दुसरं टोक 26-28. उन्हाळ्यात ते गार टोक सांभाळणंच अवघड, उबेचा दिवा बऱ्याचदा बंदच ठेवावा लागतो. यूव्हीबीची नळी दुसरीकडून पक्क्या बिलावर घेतली. ती उजेड देत राहिली तरी आतले किरण काही महिन्यांनी कमी होतात, म्हणून तारीख लिहून ठेवलीय. शिवाय सकाळचं कोवळं ऊन, गॅलरीत, अर्धी सावली ठेवून. "उन्हात काढू नका, मरंल" असं दुकानदार सांगत होता. काचेच्या टाकीसकट उन्हात ठेवलं तर खरंच मरेल, टाकी तापते. आणि बंद खिडकीच्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. खायला हरळी, जास्वंदीची पानं-फुलं, काटे काढलेला फड्या निवडुंग.

माल परत द्यायला गेले तर "जनावराच्या मालाला रिटर्न नसतंय" हे उत्तर. मी स्टिकर काढतानाचा व्हिडिओ आणि यूपीआयची पावती दाखवली, ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर त्याच्यासमोरच फिरवला. दिव्याचे 1,200 त्याने लगेच काढून दिले, बाकीचे नाहीत. त्यासाठी तक्रार नोंदवलीय.