ऑनलाइन काम सेट करून देतो म्हणून आमच्या संस्थेला फसवलं, छोट्या संस्थांनी नक्की वाचा

मी सोलापुरातल्या एका छोट्या संस्थेत हिशोब आणि रिपोर्टिंगचं काम बघते. विडी कामगार बायकांचे बचत गट आणि त्यांच्या मुलांचे अभ्यासवर्ग हे आमचं मुख्य काम. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही आणि फसवणाऱ्या माणसाचंही नाही कारण केस चालू आहे, पण काय झालं ते सगळं लिहिते, कारण मागच्या काही महिन्यांत अजून दोन संस्थांकडून अगदी असाच प्रकार ऐकला आणि आता गप्प बसवत नाही.

२५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा आमचं सगळं ऑफिस म्हणजे एक टॅलीचा कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि कपाटभर रजिस्टरं. कारखाने बंद म्हणून विड्या वळायचं काम बंद, म्हणजे बायकांच्या हातात रोजचे पैसे येणं बंद, त्यामुळे रेशन किटचं काम एकदम अंगावर आलं. त्यात फंडिंग देणाऱ्या कंपनीचं म्हणणं की पैसे रेशनकडे वळवा चालेल पण दर आठवड्याला यादी, फोटो, पावत्या ऑनलाइन पाहिजेत. कार्यकर्त्या आपापल्या वस्तीत अडकलेल्या, मी घरी, आमच्या अध्यक्ष ताई पुण्यात मुलीकडे अडकलेल्या, आणि सगळे कागद व्हॉट्सॲपवर कुठल्या तरी ग्रुपमध्ये वाहून जात होते. ग्रुप व्हिडिओ कॉलला तेव्हा चारच जण यायचे, एप्रिलच्या शेवटी ते आठ झाले.

अशात संस्थांच्याच एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, "एनजीओंसाठी वर्क फ्रॉम होम पॅकेज, कोविड स्पेशल". ग्रुपमधल्या एकदोन ओळखीच्या लोकांनी खाली अंगठे दिलेले. फोन केला तर माणूस बोलायला इतका गोड, ताई ताई करून, मी स्वतः सामाजिक कामातून आलोय, तुमच्याकडून प्रॉफिट घेणार नाही वगैरे. पॅकेजमध्ये संस्थेच्या नावाचा डोमेन (म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता), ३० जणांना गूगलचे ईमेल, सगळी कागदपत्रं ठेवायला ड्राइव्ह, "सिक्युअर मीटिंग सॉफ्टवेअर" आणि ट्रेनिंग. एका वर्षाचे १ लाख, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख १८ हजार, अर्धे आधी. आमच्यासारख्या संस्थेला जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, तो पूर्ण खर्चच. आठशे रुपयांचं एक रेशन किट धरलं तर जवळपास दीडशे घरांचं रेशन झालं हे.

मीटिंगसाठी झूम का नको तर त्याचं उत्तर तयार होतं. १६ एप्रिलला गृह मंत्रालयाची झूमबद्दल सूचना आली होती ती खरी, सगळ्या चॅनलवर दाखवली होती. त्यानं तीच पीडीएफ आम्हाला पाठवली आणि वर सांगितलं की झूम वापरलं तर सरकारी ग्रँट अडकेल. असं त्या सूचनेत कुठंही नव्हतं. सरकारी कार्यालयांनी कामासाठी वापरू नये आणि खाजगी लोकांना वापरायचंच असेल तर पासवर्ड कसा ठेवायचा, वेटिंग रूम कशी चालू करायची हे त्यात लिहिलेलं होतं. पण ती इंग्रजी पीडीएफ त्या गडबडीत कोण शेवटपर्यंत वाचणार, आणि खऱ्या कागदाला स्वतःचं एक खोटं वाक्य जोडायचं हीच त्याची पद्धत आहे हे मला आता कळतंय. त्याच दिवसांत पीएम केअर्सच्या नावाशी जुळणारे खोटे यूपीआय आयडी फिरत होते, एखादं अक्षर इकडचं तिकडे करून, तोच हा प्रकार.

मग "केवायसी"साठी त्यानं संस्थेची कागदपत्रं मागितली, नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, १२ए (आयकर सवलतीची नोंदणी), ट्रस्ट डीड. आम्ही दिली. ईमेल सुरू झाले, चालतही होते छान. मीटिंगची लिंक उघडली की वर कोपऱ्यात जित्सी असं लिहिलेलं यायचं, आम्हाला वाटलं ते त्याच्या सॉफ्टवेअरचं नाव असेल. ट्रेनिंग म्हणजे एका संध्याकाळी सगळ्यांना एकत्र जोडून इंग्रजी स्लाइड भराभर पुढं सरकवल्या, घरात एकच फोन आणि तो पण नवऱ्याकडे अशा आमच्या कार्यकर्त्या, त्यातल्या निम्म्यांना आवाजच येत नव्हता. खरं शिकवलं ते आमच्या एका कार्यकर्तीच्या अकरावीतल्या मुलीनं, एकेकीला फोन लावून, फोटो कुठं टाकायचा, फोल्डर कसं उघडायचं, मीटिंगला आल्यावर माईक कसा बंद करायचा. महिन्याभरात विड्या वळणाऱ्या बायकांच्या वस्तीतून रोजची यादी ड्राइव्हवर यायला लागली. या बायकांनी जे केलं त्याचा मला फार अभिमान आहे आणि म्हणूनच पुढं जे झालं त्याचा राग जात नाही.

ऑडिटच्या वेळी सीए सरांनी विचारलं, हे लायसन्सचे पैसे ना, मग गूगलचं मूळ बिल कुठंय? त्याला विचारलं तर म्हणे बल्क लायसन्स आहे, स्वतंत्र बिल येत नाही. सरांनी त्याच्या बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर तो भलत्याच एका हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला. हे कुणालाही दोन मिनिटांत करता येतं, जीएसटीच्या साइटवर सर्च टॅक्सपेयर मध्ये नंबर टाकायचा, नाव येतं. आपल्या राज्याचा नंबर २७ नं सुरू होतो आणि पुढचे दहा आकडे-अक्षरं म्हणजे त्याचा पॅन असतो, तो पण जुळवून बघता येतो.

मग पुण्यातल्या एका संस्थेतल्या मैत्रिणीला सहज फोन केला, तर ती म्हणाली, "अगं ते तर संस्थांना फुकट असतं!" मला खरंच सुचेना काय बोलावं. गूगल फॉर नॉनप्रॉफिट्स म्हणून योजना आहे, नोंदणीकृत संस्थेनं अर्ज करायचा, तेव्हा पडताळणी टेकसूप या संस्थेकडून व्हायची, भारतात नॅसकॉम फाउंडेशनमार्फत, ती झाली की ईमेल, ड्राइव्ह, मीट सगळं बिनपैशाचं. केवायसी म्हणून घेतलेली आमचीच कागदपत्रं लावून त्यानं आमच्याच नावानं हा अर्ज केला होता आणि मंजुरी आल्यावर तेच आम्हाला लायसन्स म्हणून विकलं. ते जित्सी पण तसंच, ओपन सोर्स आहे, कुणीही फुकट वापरावं असं. त्याचे त्यानं बिलात वेगळे २० हजार दाखवले होते.

एक सांगते, सेटअप करून देण्याचे पैसे घेण्यात काही चूक नाही. कष्ट आहेत, ज्ञान आहे, द्यायलाच पाहिजेत, त्या काळात कितीतरी पोरांनी रात्र रात्र जागून संस्थांना मदत केली, काहींनी एक रुपया न घेता. पण लायसन्सची किंमत म्हणून फुकटची वस्तू विकणं आणि वर खोट्या नंबरवर कर वसूल करणं ही सरळ फसवणूक आहे.

आणि पैसे गेले हे अजून त्यातल्या त्यात बरं होतं. एप्रिल २०२१ मध्ये, १४ तारखेपासून ब्रेक द चेनचे कडक निर्बंध लागले, सगळ्यांच्या घरात कुणी ना कुणी ऑक्सिजनच्या बेडसाठी पळत होतं, तेव्हा त्याचा मेसेज आला, रिन्यूअल दीड लाख. आम्ही म्हणलं आधी गूगलचं बिल दाखवा. दोन दिवस उत्तर नाही आणि एका सकाळी कार्यकर्त्यांचे फोनवर फोन, ताई मेल उघडत नाही, ॲडमिननं खातं बंद केलंय असं येतंय. सगळ्यांचं एकदम. ड्राइव्ह बंद, वर्षभराच्या याद्या, फोटो, पावत्या सगळं आत. फंडिंगवाल्या कंपनीला युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला, द्यायची वेळ आणि त्याचे सगळे पुरावे आत. दीड लाख आणायचे तरी कुठून, सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनं एफसीआरएच्या (म्हणजे परदेशी देणग्यांच्या) पैशातला प्रशासकीय खर्च ५० वरून २० टक्क्यांवर आणलेला, असल्या खर्चाला हेडच उरलं नव्हतं.

गूगलच्या सपोर्टकडे गेलो तर तिथं ॲडमिनचा ताबा परत मिळवायची सोय आहे, पण त्यासाठी डोमेन तुमचा आहे हे दाखवायला डोमेनच्या सेटिंगमध्ये त्यांनी दिलेली एक नोंद टाकावी लागते. आणि डोमेन घेतलेला त्यानं, त्याच्या स्वतःच्या खात्यातून, त्याच्या नावावर. ज्याच्या नावावर सातबारा त्याचं शेत, तसं आहे हे. आमच्या संस्थेचं नाव, आमची कागदपत्रं, आमचे पैसे, पण डोमेनवर आमचं नाव कुठंच नाही म्हणून सगळं तिथं अडलं. तो डोमेन तेव्हा वर्षाला हजार-बाराशे रुपयांचा होता हो. तो संस्थेच्या स्वतःच्या खात्यात, संस्थेच्या फोन नंबरवर घेतलेला असता तर त्याला आम्हाला अडवताच आलं नसतं. म्हणून कुणी काहीही सेट करून देत असेल तर डोमेन घेताना शेजारी बसा, लॉगिन तुमचं, ओटीपी तुमच्या फोनवर, आणि सुपर ॲडमिन (ज्याच्याकडे सगळ्या खात्यांचा ताबा असतो) म्हणून संस्थेतली दोन माणसं, बाहेरच्याला काम झालं की काढून टाका.

मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. रेशन वाटपाच्या रजिस्टरवर बायकांनी अंगठे दिलेले होते आणि त्याचे स्कॅन ड्राइव्हवर होते, त्याच फोल्डरमध्ये आधारच्या झेरॉक्सही. आधार नंबर आणि अंगठ्याचा ठसा एकत्र मिळाला तर नकली ठसा बनवून आधारवरून बँकेतले पैसे काढल्याचे प्रकार झालेले आहेत, आणि या बायकांच्या खात्यात जनधनचे पाचशे रुपये आले तरी त्या घरात सांगतात. आम्ही वस्तीवस्तीत जाऊन, मास्क लावून, दारात उभं राहून प्रत्येकीला समजावलं, ज्यांचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला होता त्यांचं बायोमेट्रिक लॉक करून दिलं, म्हणजे त्यांचा ठसा कुणाला वापरता येऊ नये. एक आजी म्हणाली, "बाई, तुमच्या रेशनच्या पिशवीपायी माझा अंगठा गेला का?" त्या आजींना मी काय उत्तर देणार होते. आता आम्ही आधारची झेरॉक्स घेतच नाही, शेवटचे चार आकडे लिहून घेतो, आणि अंगठ्याचं रजिस्टर कपाटात कुलपात, त्याचा फोटो काढायला बंदी.

तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर केली आणि शहरातल्या सायबर पोलिसांकडेही. सुरुवातीला हा व्यवहाराचा वाद आहे, कोर्टात जा असं ऐकायला लागलं. वकील मॅडमनी मग आयटी ॲक्टचं कलम ४३ दाखवलं, अधिकार असलेल्या माणसाला सिस्टिममध्ये जाण्यापासून अडवणं हे त्यात स्पष्ट आहे आणि ते बेईमानीनं केलं तर ६६ खाली गुन्हा होतं. हे अर्जात लिहून दिल्यावर सूर बदलला. नुकसानभरपाईसाठी राज्याच्या आयटी सचिवांकडे अर्ज करता येतो हेही कितीजणांना माहीत नाही. पुरावा म्हणून त्याचे व्हॉट्सॲप मेसेज, कोटेशन, बँकेचं स्टेटमेंट, खातं बंद झाल्याचे स्क्रीनशॉट हे सगळं उपयोगी पडलं, एकही मेसेज डिलीट करू नका.

डेटा अर्धा कार्यकर्त्यांच्या फोनमध्ये सापडला. त्या अकरावीतल्या मुलीनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की टाकलेला फोटो फोनमधून लगेच काढू नका. बाकीचं गेलं. नवीन डोमेन संस्थेच्या नावावर घेतला, फंडिंगवाल्यांना आणि बँकेला स्पीड पोस्टानं पत्रं पाठवली की जुन्या ईमेलवरून काही आलं, विशेषतः बँक खातं बदललंय असं काही, तर पैसे टाकू नका, आधी अध्यक्षांना फोन करा. जुना डोमेन अजून त्याच्याकडेच आहे. दरवर्षी तो रिन्यू करतो.

मागच्या महिन्यात लातूरकडच्या एका संस्थेनं मला एक कोटेशन वाचायला पाठवलं, आता त्या पॅकेजचं नाव "सीएसआर डॅशबोर्ड" (सीएसआर म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामावरचा खर्च) झालंय आणि कंपनीचं नावही वेगळं आहे. पण खाली मोबाइल नंबर तोच, आणि केवायसीच्या यादीत तेच चार कागद. त्यांनी अजून ॲडव्हान्स दिलेला नव्हता.