वस्तीत शिकवणी घ्यायची की दाखल्यांच्या मागे फिरायचं?

दसरा झाला की दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, दीक्षाभूमीवर पाणी वाटलं, हरवलेली पोरं सांभाळली, लय समाधान वाटलं, आता बाकी वर्ष काय करू? 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी जिथं दीक्षा दिली तिथं सेवा करायला मिळणं मोठीच गोष्ट आहे आणि पहिल्यांदा काम करणाऱ्यानं तिथूनच सुरुवात करावी. त्यानंतर मात्र दोन रस्ते आहेत. मी उत्तर नागपुरात आधी शिकवणी घेतली, आता कागदपत्रांचं काम करतो, तर दोन्हीचं सांगतो.

शिकवणी सुरू करायला सोपी. समाजमंदिराची खोली, एक फळा, आठवड्यातून दोन संध्याकाळी. पण पोरं तुमच्यावर विसंबतात, तीन रविवार गेला आणि मग गायब झाला असं चालत नाही, निदान एक शाळेचं वर्ष तरी काढावं लागतं. आणि मुलींकडे लक्ष द्या. आम्ही साताची वेळ ठेवली होती, मुली हळूहळू कमी होत गेल्या, आम्हाला वाटलं अभ्यासात मन नाही, खरं कारण म्हणजे गल्लीत अंधार आणि घरी लहान भाऊ सांभाळायचा. पाचची वेळ केली, लहान भावालाही घेऊन या म्हटलं, तशा परत आल्या. हे आधीच विचारायला हवं होतं याचं आजही वाईट वाटतं.

कागदपत्रांचं काम बाहेरून रुक्ष दिसतं पण माझं मन तिथंच आहे. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, खाजगी शाळांच्या पहिल्या वर्गात 25 टक्के जागा राखीव असतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण फॉर्म ऑनलाइन, नकाशावर घराच्या जागी बलून, म्हणजे जागेची खूण, नीट लावावा लागतो, तो सरकला की शाळेचं अंतर चुकतं आणि पोराचा नंबरच लागत नाही. धुणीभांडी करून दमून आलेल्या बाईनं छोट्या मोबाईलवर हे कसं करावं? जातीच्या दाखल्याचं तर विचारूच नका, अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा मागतात, ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, मग आजोबांच्या गावी भंडारा नाहीतर गोंदियाकडे जाऊन शाळेचं जुनं रजिस्टर शोधा, कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल काढा. एका मुलीसाठी आम्ही तीन चकरा मारल्या. दाखला हातात आला तेव्हा तिची आई काहीच बोलली नाही, नुसती त्या कागदावरून हात फिरवत राहिली.

अडचण अशी की ऑफिसं रविवारी बंद. नोकरी असेल तर महिन्यातून एखादी अर्धी सुट्टी टाकावी लागेल, फॉर्म भरणं आणि कागद जुळवणं तेवढं रविवारी होतं. अर्ज दिला की पावती घ्यायचीच, 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं मुदत ठरलेली असते, मुदत टळली तर अपील करता येतं, आणि पावती दाखवली की खिडकीवरचं बोलणंही बदलतं. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना उत्पन्न कितीही असो, कोर्टात मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं किंवा 15100 ला फोन लावायचा. ही एवढी माहिती वस्तीत पोचवली तरी कुणाचा तरी पोटगीचा अडकलेला अर्ज पुढं सरकतो.

कॉलेजात असाल, संध्याकाळ मोकळी असेल, पोरांत रमत असाल तर शिकवणीच घ्या. चाळिशी आलीय, सरकारी ऑफिसात बोलायची सवय आहे, चिडचिड होत नाही, तर कागदांकडे या, तिथं माणसं फार कमी आहेत. फक्त लोकांच्या आधारचे फोटो काम झालं की मोबाईलमधून काढून टाकायचे आणि चहापाण्याचे म्हणून कुणी दहा रुपये दिले तरी घ्यायचे नाहीत.

आरटीईचे फॉर्म साधारण नवीन वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत निघतात, उत्पन्नाचा दाखला निघायला वेळ लागतो, म्हणून यायचं असेल तर दिवाळी झाली की लगेच या.