खाऱ्या वाऱ्यातल्या ट्रॉल्या: चार पावसाळ्यांनंतर

आमचं घर मालवणात, चिवल्याच्या किनाऱ्यापासून चालत सात-आठ मिनिटांवर. ऑक्टोबर ते मे दोन खोल्या पर्यटकांना देते, म्हणजे घरची चार माणसं आणि वर कधी सहा, कधी दहा पानं. 2021 च्या दिवाळीआधी स्वयंपाकघरातलं जुनं फडताळ काढून ओट्याखाली ट्रॉल्या आणि वर कपाटं करून घेतली. त्यात बसवायचं सामान, म्हणजे तारेच्या ट्रॉल्या, कोपऱ्यातलं चक्र, बाटल्यांची पुल-आउट (ओढून बाहेर काढायचा अरुंद कप्पा), फिरते ट्रे, डबे, मॅट, हुक, असं सगळं मिळून चाळीस हजारांच्या आसपास गेलं. आता चार पावसाळे झाले. या सामानाची जी परीक्षणं वाचून मी खरेदी केली, ती सगळी पुणे-नाशिकच्या हवेत बसून लिहिलेली होती, हे मला दुसऱ्या पावसाळ्यात कळलं. म्हणून हे लिहितेय.

सुरुवात तारेच्या ट्रॉल्यांपासून, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि मनस्ताप तिथेच गेला. सहा घेतल्या होत्या, घाटावरच्या एका मोठ्या दुकानातून. बिलावर ‘एसएस’, म्हणजे स्टेनलेस स्टील, लिहिलेलं, आरशासारख्या चकचकीत. 2023 च्या गणपतीआधी साफसफाई करताना थाळ्यांची ट्रॉली पूर्ण बाहेर काढली, तर उभी तार आडव्या तारेला जिथे जोडलेली असते तिथे मोहरीएवढे तांबूस ठिपके. पुसले तर बोटाला गंज. दोन थाळ्यांच्या कडेवर तर तपकिरी कंस उमटले होते, अगदी मोजून एकेका तारेच्या जाडीचे. सुतारमामांना बोलावलं. त्यांनी पटाशीच्या टोकाने तार जरा खरवडली आणि म्हणाले, “वयनी, ह्येच्यार नुसतो मुलामो आसा.” आत लोखंड, वर क्रोमचा मुलामा. जोडाजवळ मुलामा पातळ असतो, तिथून खारी हवा आत शिरते.

मग मी फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन सगळ्या ट्रॉल्यांपाशी बसले. तीन ट्रॉल्यांना चिकटलं, तीनना नाही. मला वाटलं, चला, निम्म्या तरी खऱ्या निघाल्या. पुढच्या पावसाळ्यात त्या तिन्हींवरही ठिपके! शेजारच्यांची मासेमारीची बोट आहे, त्यांनी हसत हसत समजावलं. स्टीलमध्ये 202 आणि 304 असे दोन प्रकार बाजारात सर्रास चालतात, आणि लोहचुंबक सहसा दोन्हींना चिकटत नाही. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं; 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात, म्हणून ते स्वस्त, पण खाऱ्या हवेत लवकर डागाळतं. बोटीवर ते लोक 316 वापरतात, त्यात 2-3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठापुढे ते जास्त टिकतं. हे ज्ञान बंदरावरच्या प्रत्येक माणसाकडे होतं, फक्त मी विचारायला गेले नव्हते.

दुकानात फोन केला. वॉरंटी पाच वर्षांची आहे, पण कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय की गंज आणि समुद्रकिनाऱ्याचा भाग त्यात येत नाही. मालवणचा पत्ता लिहून घेताना हे सांगता आलं असतं. असो.

थाळ्यांची आणि कप-बशांची ट्रॉली 304 ची करून घेतली. आधीची 1,450 ची होती, ही 2,600 ला पडली. बिलावर ‘304’ हा आकडा लिहून घेतला. दोन पावसाळे गेले. गंज नाही, पण चहाचे शिंतोडे उडावेत तसे फिकट ठिपके श्रावणापर्यंत येतातच. दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करते, एवढं पुरतं. दोन चुका मात्र मी केल्यात, त्या तुम्ही करू नका. एक, तारेच्या घासणीने घासलं. लोखंडी घासणीचे कण स्टीलवर राहतात आणि तेच आधी गंजतात. दुसरी, फरशी पुसायचं ब्लीचवालं लिक्विड वापरलं. क्लोरीन आणि स्टील यांचं अजिबात पटत नाही.

ड्रॉवर ज्यांवर सरकतो ते चॅनेलही तसेच. आतले छर्रे खरखरायला लागले की ड्रॉवर अर्ध्यात अडकतो. यावर घरातल्या पुरुषमंडळींनी उपाय केला: खोबरेल. डिसेंबरपर्यंत मस्त चाललं. जानेवारीत पहाटे गारवा पडला, खोबरेल थिजलं आणि पर्यटकांना साडेसहाला चहा हवा असताना चमच्यांचा ड्रॉवर उघडेना. वर झुरळं आली ती वेगळीच. आता शिवणयंत्राचं तेल, दोन थेंब, वर्षातून दोनदा.

कोपऱ्यातल्या चक्राला मी दहापैकी दोन गुण देईन, तेही दयेने. ओटा इंग्रजी ‘एल’ आकाराचा असला की खाली एक अंधारा कोपरा उरतो, त्यात मधे खांब आणि त्यावर फिरणारे दोन पाऊण गोल ट्रे बसवतात. 3,800 रुपये. दुकानात रिकामं असताना काय सुंदर फिरतं! भरलं की कुठला तरी डबा कडेवरून घसरून मागे पडतो, आणि मागे हात जात नाही. तिरफळांची एक बाटली अशी हरवली. मी नवीन आणली, तीही संपली, आणि आठ महिन्यांनी खांबाचा खालचा बेअरिंग गंजून चक्र बंद पडलं तेव्हा सगळं काढताना ती सापडली. झाकण घट्ट होतं, तिरफळं अजून तशीच झणझणीत. सासूबाईंनी त्यातलं एक बोटांत चुरडून वास घेतला आणि तेवढ्यावरून मला दिवसभर ऐकवलं.

त्या जागी आता साधी फळी आहे आणि फळीवर हँडलवाले लांबट प्लास्टिकचे टब. एकेक टब साधारण 15 इंच लांब, 6 इंच रुंद, 180 रुपयांचा. एकात डाळी, एकात पापड-फेण्या, एकात कुळथाचं पीठ आणि नाचणीचं सत्त्व. हवा तो टब ओट्यावर ओढायचा, काम झालं की ढकलायचा. चाक नाही, छर्रा नाही, स्क्रू नाही. संपूर्ण खरेदीतली ही सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि हिच्याबद्दल माझी एकही तक्रार नाही. हो, एक आहे: घेताना कपाटाची आतली रुंदी मोजा, दाराची नाही. बिजागरी आत दीड-दोन इंच खाते. मी बाहेरून मोजून चार टब आणले, बसले तीन.

तेलाच्या बाटल्यांसाठी सहा इंची पुल-आउट घेतली होती. तेलाला ठीक. मी मूर्खासारखी त्यात आगळाची बाटली ठेवली. कोकमाचं आगळ म्हणजे आंबट अधिक मीठ. बुचातून थेंब थेंब झिरपत राहिलं आणि खालचा चॅनेल एका उन्हाळ्यात असा खाल्ला की हाताने पापुद्रे निघत होते. आगळ, लोणचं, खारातल्या मिरच्या काचेत किंवा चिनीमातीत, आणि खाली प्लास्टिकची ताटली. धातूच्या जवळपाससुद्धा नको.

आता ज्याचं कौतुक करायचं ते. वरच्या कपाटातला फिरता ट्रे, दहा इंच व्यासाचा, प्लास्टिकचा, कडेला बोटभर कठडा, 350 रुपये. याच्यावर मालवणी मसाला, हळद, गरम मसाला, धणेपूड, हिंग, तिरफळ, सगळ्या काचेच्या लहान बाटल्या. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. ट्रॉल्या झाल्या तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, “ह्या काय गो मांडून ठेवलंस? माका काय गावणा नाय.” ओट्याखालच्या एकाही ट्रॉलीला त्या हात लावत नाहीत, “माका वाकाक जमणा नाय” म्हणून. पण हा ट्रे त्यांनी पहिल्या आठवड्यात ताब्यात घेतला. उभ्या उभ्या एका बोटाने फिरवतात. त्यांनी बाटल्यांचा क्रमही त्यांच्या मनाने लावलाय आणि मी तो बदलला की त्यांना झाकण न उघडता कळतं. स्टीलचा फिरता ट्रेही मिळतो, 700-800 ला. खालच्या छर्‍यांचं काय होतं ते वर सांगितलंच.

डब्यांबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. डबे लिटरवर विकतात आणि आपण वाण्याकडून किलोवर आणतो. पाच लिटरच्या डब्यात तांदूळ चार किलोच मावतो. दळलेला मसाला फुगीर असतो, त्यामुळे लिटरच्या बाटलीत अर्धा किलो धरा. मी तांदळाच्या पाच-पाच किलोच्या चार पिशव्यांसाठी पाच लिटरचे चार डबे मागवले आणि उरलेला एकेक किलो पिशव्यांतच राहिला. चौकोनी डबे घ्या, गोल डब्यांच्या मधली जागा वाया जाते. चार बाजूंना क्लिपा असलेली झाकणं हवाबंद असतात खरी, पण क्लिप मोडते. माझ्या बारापैकी पाच डब्यांची एकेक क्लिप गेली, आणि तीन क्लिपांचा हवाबंद डबा म्हणजे पावसाळ्यात नरम पापडांचा डबा. पापडांना मी आता आत रबरी रिंग असलेले फिरकीच्या झाकणाचे डबे वापरते. मसाल्याला काच, कारण मिरचीचा रंग प्लास्टिकला धरतो. सुकट आणि सुके बोंबील प्लास्टिकच्या डब्यात एकदा ठेवले की तो डबा जन्मभर त्यांचाच. आम्ही ते कपाटात ठेवतच नाही, बाहेर पडवीत जुन्या पत्र्याच्या डब्यात असतात.

मॅटवर फार लिहिण्यासारखं नाही. फळ्यांवर अंथरायची ती खाचांची, पारदर्शक. जुलैत एक कोपरा उचलून पाहिला तर खाली मॅटच्या खाचांबरहुकूम बुरशीच्या करड्या रेघा, आखणी करून ओढल्यासारख्या. फळीवर सनमायका होता म्हणून वाचले. मॅट गेली, आता नुसता सनमायका आणि कोरडं फडकं.

दमटपणासाठी त्या पांढऱ्या खड्यांच्या डब्या मिळतात ना, कॅल्शियम क्लोराइडच्या, त्याही आणल्या होत्या. काम करतात. जुलैत तीन आठवड्यांत डबी पाण्याने भरली. पण ते पाणी साधं नाही, खारट आहे, आणि एक डबी कलंडली ती नेमकी ट्रॉलीवर. समुद्र घरात आणून ओतल्यासारखंच झालं. ठेवायच्याच असतील तर धातू नसलेल्या कपाटात, खोलगट वाडग्यात ठेवा. आम्ही शेवटी सुतारमामांकडून कपाटांच्या मागच्या बाजूला भोकं पाडून जाळी लावून घेतली आणि पाऊस उघडला की दुपारी तासभर सगळी दारं सताड उघडी. फुकटचा उपाय, पण बघणाऱ्याला वाटतं घरात चोरी झाली.

चोरीवरून आठवलं: दाराच्या आतून चिकटवायचे हुक. मी त्यांवर झाकणांचा स्टँड लावला होता. आषाढातल्या एका रात्री दोनच्या सुमारास सात झाकणं एकदम खाली आली. वरच्या खोलीतले पाहुणे काठी घेऊन खाली. दुसऱ्या दिवशी बोटीचं सामान मिळतं त्या दुकानात जाऊन 316 चे बारीक स्क्रू आणले, डझनाला शंभरच्या आसपास, आणि स्टँड ठोकून टाकला. तेव्हापासून घरातला कुठलाही स्क्रू बदलायचा झाला की मी हार्डवेअरवाल्याकडे न जाता बंदरावर जाते.

चक्राचा खांब मोडीत गेला. ट्रे मात्र प्लास्टिकचे होते, ते टाकवेनात. मे महिन्यात कोकमांची सोलं मिठाच्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवायची असतात, तेव्हा सासूबाई ते दोन्ही ट्रे अंगणात मांडून घेतात. पाऊण गोलाचा जो भाग कापलेला असतो, त्यात मिठाच्या रसाचं पातेलं बरोबर बसतं. 3,800 पैकी एवढे तरी वसूल होतायत.